कुहीचे सोयाबीन, टोकियोचे ताट

विषयाची व्याप्ती

नागपूरच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कुहीसारख्या तालुक्यातून कामानिमित्त परदेशी जाण्याच्या वाटा आज अनेक आहेत. कोणी अभियंता म्हणून कंपनीच्या कामासाठी जर्मनीला किंवा जपानला जातो, कोणी आखातातील प्रकल्पावर जातो, कोणी राज्याच्या कृषी विभागाच्या शेतकरी अभ्यास दौऱ्यातून इस्राएल किंवा युरोप पाहून येतो. या सर्वांची स्थिती पर्यटकाहून वेगळी असते. न रुचलेले ताट सोडून पर्यटकाला दुसरे उपाहारगृह गाठता येते. कामासाठी गेलेल्याच्या जेवणाची जागा, वेळ आणि सोबत मात्र यजमान ठरवतो. ते जेवण बैठकीचाच एक भाग असते आणि तेथील वागणे कामाच्या संबंधात मोजले जाते. म्हणून अन्न अनोळखी का वाटते, हे नीट समजून घेणे उपयोगाचे ठरते. कारणे तीन असू शकतात: कच्चा माल, त्यावरील प्रक्रिया आणि खाण्याची रीत. यांपैकी कच्चा माल खरोखर अनोळखी असण्याचे प्रसंग थोडे असतात. परकेपणा बहुधा उरलेल्या दोन गोष्टींत असतो.

शेतात ओळखीचे, ताटात अनोळखी

कुही, उमरेड, भिवापूर या पट्ट्यात खरिपात सोयाबीन पेरले जाते. त्याची मळणी होते, ते बाजार समितीत विकले जाते आणि तेलगिरणीकडे जाते. तेल काढून उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. ज्याच्या शेतात सोयाबीन उभे असते, त्याच्या घरच्या वरणात ते क्वचितच शिजते. यामागे रसायनशास्त्रीय कारण आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. परंतु कच्च्या दाण्यातील काही द्रव्ये प्रथिनांचे पचन अडवतात आणि दाणा वाटताना त्यातील एका विकरामुळे उग्र, कच्चट वास सुटतो. तुरीची डाळ शिजवून घोटली की काम झाले. सोयाबीन तेवढ्याने वश होत नाही.

चीन हे या पिकाचे मूळ घर. तेथे आणि जपान-कोरियात या अडचणींवर प्रक्रियेतून उत्तर शोधले गेले. दाणे भिजवून, वाटून, उकळून काढलेले दूध समुद्रमिठातून मिळणाऱ्या कडवट क्षाराने गोठवले की तोफू होतो. कोजी नावाची बुरशी वाढवलेले धान्य, उकडलेले सोयाबीन आणि मीठ एकत्र करून महिनोन्महिने मुरवले की मिसो तयार होतो. याच बुरशीच्या साहाय्याने सोया सॉसही बनतो. उकडलेल्या दाण्यांवर बॅसिलस कुळातील जीवाणू ऊबेत एखादा दिवस वाढू दिला की चिकट, तार सुटणारा आणि तीव्र वासाचा नात्तो मिळतो. शेंगा हिरव्या असतानाच तोडून मिठाच्या पाण्यात उकडल्या की एदामामे होतात. जपानमध्ये संध्याकाळच्या पेयासोबत त्या समोर येतात. विदर्भातील शेतकऱ्याला टोकियोतील एका जेवणात आपले एकच पीक चार-पाच रूपांत भेटू शकते आणि सांगितल्याशिवाय त्यातील बहुतेक रूपे त्याला ओळखता येत नाहीत. अभ्यास दौऱ्यात हरितगृहे आणि ठिबक संच आवर्जून दाखवले जातात. ताटातील हा धडा तितकाच मोलाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुरलेली चव

आंबवलेले पदार्थ महाराष्ट्राला नवे नाहीत. दही, ताक, आंबील आणि लोणचे ही घरोघरची उदाहरणे आहेत. यांतील बहुतेक पदार्थांत जीवाणू शर्करेपासून आम्ल तयार करतात, म्हणून मुरणे आणि आंबट होणे यांची मनात जोडी बसते. मिसो किंवा सोया सॉसमध्ये मुख्य क्रिया वेगळी असते. बुरशीची विकरे प्रथिने तोडून अमिनो आम्ले मोकळी करतात आणि त्यांपैकी ग्लुटामेटमुळे रसाळ, मांसल अशी चव येते. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या सागरी शैवालाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि या चवीला उमामी असे नाव दिले. हीच चव पिकलेल्या टोमॅटोत आणि सुक्या मासळीतही असते. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तलावातील मासळी सुकवून ठेवणाऱ्या घरांना ती परकी वाटू नये. जिथे आंबटपणाची अपेक्षा असते तिथे मांसल चव आली की जीभ गोंधळते आणि वास शिळेपणाचा इशारा देतो. हा इशारा अनुभवाने बदलतो. अशा पदार्थाचा प्रथम अगदी थोडा भाग भाताबरोबर घेणे, ही जपानमध्येही नात्तो खाण्याची रूढ पद्धतच आहे.

तांदळाचा चिकटपणा आणि काड्या

पूर्व विदर्भ भात खाणारा प्रदेश आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून विकसित केलेला एचएमटी तांदूळ कुहीच्या बाजारातही ओळखीचा आहे. त्याचा भात बारीक आणि मोकळा होतो. जपानी तांदूळ आखूड, गोलसर आणि चिकट असतो. तांदळाच्या पिष्टात अमायलोज व अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असले की शिते सुटी राहतात, कमी असले की एकमेकांना धरून राहतात. या एका फरकातून पुष्कळ गोष्टी ठरल्या. चिकट भाताचा घास दोन काड्यांत उचलता येतो. मोकळा भात वरणाने ओला करून बोटांनी कालवावा लागतो. म्हणून नागपुरी ताटात पातळ वरण भातावर येते, तर जपानी जेवणात भाताची वाटी कोरडी राहते आणि मिसोचे सार वेगळ्या वाटीतून, वाटी तोंडाला लावून, प्यायले जाते. भातावर सार ओतून कालवणे तेथे औपचारिक जेवणात विचित्र दिसते. काड्या न जमणाऱ्याला चमचा मागता येतो आणि त्यात कोणी उणेपणा मानत नाही.

तिखट: एक परदेशी पाहुणी

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. कुही तालुक्यातील मांढळ आणि शेजारच्या भागात मिरचीचे देठ खुडण्याचे सातरे कित्येक कुटुंबांना रोजगार देतात. तिखटावाचून या भागाच्या जेवणाची कल्पना करता येत नाही. तरीही मिरची मूळची अमेरिका खंडातील आहे. १४९२ नंतर ती युरोपीयांना माहीत झाली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या व्यापारातून गोव्याच्या किनाऱ्यावरून भारतात पसरली. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. तो वैनगंगाकाठच्या अंभोऱ्याला रचला गेला अशी एक परंपरा आहे. अंबाजोगाईचाही तसाच दावा आहे. अंभोरा कुही तालुक्यातच आहे. त्या काळच्या अंभोऱ्याच्या स्वयंपाकात मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता आणि भुईमूगही नव्हता. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले होते. वैदर्भीय चवीची आजची खूणच एकेकाळी परकी होती.

मिरचीची आग ही रसना ओळखते ती चव नसून उष्णतेची वेदना आहे. कॅप्सेसिन हे द्रव्य मज्जातंतूंवरील टीआरपीव्ही-१ या ग्राहकाला जागे करते. हाच ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढील उष्णतेलाही प्रतिसाद देतो. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रोज मिरची खाणाऱ्यांत या ग्राहकाची संवेदना बोथट होते. त्यामुळे जर्मन किंवा जपानी अन्न नागपूरकराला ‘बेचव’ वाटते, तेव्हा प्रत्यक्षात त्यात चव असते, केवळ आगीचा अभाव असतो. दोन-चार दिवसांनी मंद चवी जाणवू लागतात. सोबत नेलेला ठेचा प्रत्येक पदार्थावर घेतल्यास मात्र ही संधी जाते. शिवाय यजमानाच्या स्वयंपाकावर न चाखता तिखट टाकणे अनेक ठिकाणी त्याच्या हातावरील अविश्वास समजला जातो.

सर्व झणझणीतपणा एका जातीचा नसतो. जपानी वसाबी आणि आपली मोहरी यांची आग एकाच द्रव्याची, ती नाकात चढते आणि लगेच ओसरते. चीनच्या सिचुआन प्रांतातील मिऱ्यासारखे फळ जीभ बधिर करते, ओठ थरथरल्यासारखे वाटतात. नागपूरकराला ते पूर्ण नवे. कोकणी माणसाला तसे नसते, कारण बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ त्याच झॅन्थोझायलम कुळातील आहे.

शाकाहाराच्या सीमा

भारतात पाकिटावर हिरवा ठिपका असतो. परदेशांत बहुतेक ठिकाणी अशी सक्तीची खूण नाही. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून चौदा प्रमुख ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे; त्यांत दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, तीळ आणि मोहरीही येते. ती माहिती ॲलर्जीसाठी असते, आहारधर्मासाठी नसते. जिलेटिन किंवा मांसाचा अर्क त्या यादीत नाही. जपानमध्ये अडचण आणखी सूक्ष्म आहे. भाजीच्या किंवा तोफूच्या पदार्थाचा आधार असलेला दाशी हा अर्क बहुधा कोम्बू आणि सुक्या बोनिटो माशापासून केलेला असतो. मासा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वाढणारा प्रामाणिकपणे ‘मांस नाही’ असे सांगतो. ‘मी शाकाहारी आहे’ या वाक्यापेक्षा ‘मासे, मांस, अंडी आणि त्यांचा अर्क चालत नाही’ अशी यादी अधिक काम करते. ती यजमानाच्या भाषेत लिहून बैठकीच्या आधीच कळवलेली बरी. ऐन ताटावर सांगितल्यास यजमानाची तयारी वाया जाते आणि तो संकोचतो.

जपानमध्येच यावर एक जुने उत्तर आहे. बौद्ध मठांतील शोजिन र्‍योरी या पाकपद्धतीत मासे-मांस नसते, दाशी शैवालाचा आणि अळंब्यांचा असतो. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या मराठी घराला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

उष्टे

मराठी माणसाचा सर्वांत खोल अडथळा पदार्थापेक्षा उष्ट्याच्या कल्पनेत असतो. ही कल्पना प्राचीन आहे. सातव्या शतकात भारतभर फिरलेल्या चिनी भिक्षू ह्युएनत्संगाने लिहून ठेवले आहे की येथील लोक जेवणापूर्वी हात-पाय धुतात, उरलेले पुन्हा वाढत नाहीत, एकमेकांची भांडी वापरत नाहीत, आणि मातीची व लाकडाची भांडी वापरानंतर टाकून देतात. त्याच्या देशात मात्र आजही पदार्थ टेबलाच्या मध्यभागी फिरत्या चकतीवर येतात आणि प्रत्येक जण त्यातून उचलतो. हॉटपॉटमध्ये तर एकाच उकळत्या रशात सर्वांच्या काड्या जातात. औपचारिक चिनी मेजवानीत आता वाढण्यासाठी वेगळ्या काड्या किंवा चमचे ठेवण्याची पद्धत रूढ होत आहे. त्या मागणे शिष्टाचाराला धरून आहे. त्याच वेळी, यजमानाने स्वतः आपल्या हाताने एखादा निवडक तुकडा पाहुण्याच्या वाटीत ठेवला तर तो मान असतो, हे लक्षात घ्यावे लागते.

शुद्धतेचा हाच प्रश्न मराठी इतिहासात फार मोठ्या किमतीला सोडवावा लागला. राघोबादादांनी १७८१ च्या सुमारास लंडनला वकील पाठवले. त्यांत हनुमंतराव हा ब्राह्मण होता आणि त्याच्यासोबत मणियार नावाचे पारशी पितापुत्र होते. राजकीय काम फारसे साधले नाही. परंतु ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांनी बीकन्सफिल्ड येथील आपल्या मळ्यात त्यांची सोय केली आणि स्वयंपाक व आचार स्वतंत्रपणे करता यावेत म्हणून वेगळी जागा दिली. अनोळखी आचार समजून घेणाऱ्या यजमानाचे हे विरळ उदाहरण आहे. तरीही समुद्र ओलांडल्याबद्दल हनुमंतरावाला परतल्यावर प्रायश्चित्त चुकले नाही. शतकभरानंतर, १८९० मध्ये, पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा पुढे आला एवढ्यावरून टिळक-रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा खटला, झाले. त्या वादात समुद्रही ओलांडावा लागला नव्हता. आजच्या प्रवाशावर असे सामाजिक ओझे उरलेले नाही, हा बदल लहान नाही.

आग्रह, नकार आणि रिकामे ताट

मराठी पंगतीत पहिला नकार हा नकार मानला जात नाही. वाढणारा पुन्हा विचारतो, जेवणारा पुन्हा ‘पुरे’ म्हणतो आणि तिसऱ्या वेळी थोडे पानात पडते. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये ‘नको’ या उत्तरानंतर भांडे पुढे जाते आणि परत येत नाही. संकोचाने नको म्हणणारा तेथे अर्धपोटी राहतो. भूक असल्यास पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणणे ही तेथील सभ्यता आहे. चिनी मेजवानी याच्या दुसऱ्या टोकाला असते. पाहुण्याने ताट पूर्ण पुसून संपवले की यजमानाला पुरेसे वाढले नाही असे वाटू शकते, म्हणून पदार्थ येतच राहतात. अन्न टाकू नये या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे जड जाते. सुरुवातीपासून प्रत्येक पदार्थ थोडा थोडा घेत जाणे हा मार्ग दोन्ही बाजूंना मानवतो.

आखातात शब्दाऐवजी खूण चालते. अरबी कॉफी बिनकानाच्या लहान पेल्यात, तळाशी थोडीशी, ओतली जाते. काठोकाठ भरत नाहीत. पेला उजव्या हाताने घ्यायचा असतो, हे मराठी सवयीशी जुळते. रिकामा पेला तसाच पुढे केला की पुन्हा भरला जातो, किंचित हलवून परत दिला की पुरे झाले असा अर्थ होतो. या कॉफी-परंपरेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१५ मध्ये स्थान मिळाले. रमजानच्या महिन्यात दिवसा सहकाऱ्यांसमोर खाणे-पिणे टाळावे, आणि सूर्यास्तानंतर इफ्तारचे निमंत्रण आल्यास ते कामाच्या बैठकीइतकेच महत्त्वाचे मानावे.

मृतांचा भात

काही निषेध कारण कळल्यावरच लक्षात राहतात. जपानमध्ये भाताच्या वाटीत काड्या उभ्या रोवू नयेत आणि आपल्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नये, असे प्रत्येक मार्गदर्शिकेत छापलेले असते. पहिल्या कृतीत मृतासमोर ठेवलेल्या भाताची आठवण असते. दुसऱ्या कृतीत दहनानंतर नातेवाईक काड्यांनी अस्थी वेचतात आणि एकमेकांच्या काड्यांतून पुढे देतात, त्या विधीची छाया असते. भाताचे पिंड ठेवणाऱ्या आणि अस्थिसंचय करणाऱ्या समाजाला हा निषेध परका वाटण्याचे कारण नाही. दोन भातखाऊ संस्कृतींनी जिवंतांचे अन्न आणि मृतांचे अन्न यांच्यात रेषा आखली, फक्त ती वेगवेगळ्या जागी आखली.

सामानातील अन्न

सोबत नेलेल्या डब्याला रुचीआधी कायद्याची मर्यादा असते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे व दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे; तुपातले लाडू आणि पेढे या कारणाने अडचणीत येऊ शकतात. ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ घोषित करावा लागतो, बियाण्यांवर विशेष कडक नजर असते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या झाडाची बी. नागपूरच्या झणझणीत सावजी मसाल्यात अनेक ठिकाणी खसखस पडते. म्हणून घरी कुटलेला मसाला दुबईला नेण्यापूर्वी त्यातील घटक तपासणे अत्यावश्यक आहे. नागपूर-भंडारा-चंद्रपूर भागात भेटीगाठीत पुढे केला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा तर घरीच सोडावा. सिंगापूरमध्ये चघळण्याच्या तंबाखूची आयात बेकायदा आहे. कोरडे भाजलेले पोहे, चिवडा आणि दाण्याची चटणी बहुतेक ठिकाणी निभावतात, पण घोषणापत्र भरताना त्यांचाही उल्लेख करणे सुरक्षित असते.

पोटाचे घड्याळ

कुहीत रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा टोकियोत साडेअकरा आणि उन्हाळ्यातील बर्लिनमध्ये दुपारचे साडेचार वाजलेले असतात. मेंदूचे जैविक घड्याळ प्रकाशावर चालते, यकृतासारख्या अवयवांची घड्याळे जेवणाच्या वेळांनाही प्रतिसाद देतात. दोन्ही वेगवेगळ्या गतीने जुळत असल्याने पहिल्या दिवसांत भूक अवेळी लागते आणि मेजवानीच्या वेळी नाहीशी होते. अपचनाचा दोष अशा वेळी अनोळखी पदार्थाला दिला जातो, वस्तुतः तो वेळेचा असतो. पोहोचल्या दिवसापासून तेथील वेळेनुसार, हलके का होईना, जेवणे आणि सकाळचे ऊन घेणे यांमुळे जुळणी लवकर होते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र वेळापत्रक निघण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

उलट दिशेने आलेला पाहुणा

ही सारी देवाणघेवाण एकाच दिशेने होत नाही. भदंत सुरई ससाई मूळचे जपानी. १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूरचेच झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार जपानी साहाय्यातून १९९९ मध्ये उभे राहिले आणि तेथे जपानी पाहुण्यांची ये-जा असते. कामासाठी आलेला परदेशी माणूस नागपूर परिसरात जेवायला बसला की वरील प्रत्येक प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. त्याचे टीआरपीव्ही-१ ग्राहक सावजी रशाला तयार नसतात, मोकळा भात त्याच्या काडीत टिकत नाही आणि तिसऱ्यांदा ‘नको’ म्हटल्यावरही ताटात पडलेली पोळी त्याला कोड्यात टाकते. वरण-भात, पाटवडी, वांग्याचे भरीत आणि ताक यांपासून सुरुवात केली, तिखट व ठेचा वेगळ्या वाटीत ठेवला, चमचा न मागता दिला आणि पिण्याचे पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीतले ठेवले, तर बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत. कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचा बर्फ पहिल्या दोन दिवसांत टाळलेला बरा, कारण स्थानिक जीवाणूंशी त्याच्या आतड्यांची ओळख झालेली नसते. पाटवडीतील डाळीचे पीठ, भरितातील शेंगदाणे आणि चटणीतील तीळ यांची नावे वाढण्यापूर्वी सांगावीत; शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी भारतात फारशी ऐकू येत नाही, पाश्चात्त्य देशांतून आलेल्या पाहुण्याच्या बाबतीत ती प्राणावर बेतू शकते.